दुसरा कौल

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी पडली. उजव्या खांद्यावरची तशीच राहिली. डावी पडली म्हणजे नाही. गुरव दादूने ती उचलून ताम्हनात ठेवली आणि मागे वळून आत्मारामांकडे पाहिलं.

"नको म्हणते," तो म्हणाला.

आत्मारामांनी हात जोडले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला होता.

आत्माराम एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मुंबईच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. त्यांची बायको सावित्री मुंबईलाही दोनदाच गेलेली. जयगडच्या बंदरात नोकरी करणाऱ्या मुलीने, मृणालीने, दोघांचे पासपोर्ट काढले होते. नोव्हेंबरात तीन रात्री बँकॉक, दोन रात्री कंबोडियातलं सिएम रीप, सहाव्या दिवशी घरी. आत्मारामांनी शंका काढल्या. जेवणाचं काय, रक्तदाबाच्या गोळ्या तिकडे नेऊ देतात का, विमानात लघवीला कुठे जायचं. मृणालीने प्रत्येकीचं उत्तर वहीच्या कागदावर लिहून दिलं. शंका संपल्या, तेव्हा ते म्हणाले की गावी जाऊन देवीला विचारू. घराची जागा, बोअरवेल, मृणालीची नोकरी, सगळं कौल लावूनच ठरलेलं. त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही. तिकिटं दुपारी बारापर्यंत धरून ठेवलेली होती.

गाऱ्हाणं घालायच्या आधी दादूने विचारलं होतं की देवीला नेमकं कुठे म्हणून सांगायचं. आत्मारामांनी मृणालीकडे पाहिलं. तिने नावं सांगितली. दादूने ती दोनदा म्हणून पाहिली, मग सोडून दिली आणि 'मुंबईच्या पलीकडं, समुद्राच्याही पलीकडं' एवढंच घातलं. तिघांनी एकत्र जावं असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. आत्माराम मोठ्याने म्हणाले होते, "व्हय म्हाराजा."

आता ते पिशवी आवरू लागले. नारळाची अर्धी भकलं दादूसाठी ठेवून बाकीची त्यांनी पिशवीत घातली. दादूला म्हणाले की पोरीनं मनाला लावून घेऊ नये, आपण गोव्याला जाऊ, तेही लांबच आहे. मृणालीने तिकिटं सोडून देण्यासाठी फोन उघडला.

सावित्रींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

महिनाभर त्या रोज पहाटे घराजवळच्या मांडवीच्या किनाऱ्यावर पाच किलोमीटर चालत होत्या. तिकडच्या देवळांना पायऱ्या उंच आहेत, असं मृणालीने एकदा सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. घरी फक्त गुडघ्याचा पट्टा आला होता.

"दादूभावजी," त्या म्हणाल्या, "अजून एक कौल लावा."

दादू म्हणाला की तसं करता येत नाही. एका गोष्टीचा कौल एका दिवशी एकदाच.

"गोष्ट वेगळी हाय. देवीनं तिघांना नको म्हटलं. मला नको, असं नाय म्हटलं."

चाळीस वर्षं तो कौल लावत होता. बायका मागे उभ्या राहत, प्रश्न पुरुष सांगत. त्याने आत्मारामांकडे पाहिलं.

"वयनी काय म्हणतायत, ऐकलंस ना?"

आत्मारामांनी ऐकलं होतं. पिशवी त्यांच्या हातातच होती.

"आणि मी काय करू इथं सहा दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते उद्या विचारा," सावित्री म्हणाल्या. "त्याचा कौल वेगळा."

मृणाली हसली आणि लगेच खाली बघू लागली. दादूने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. आत्माराम नको म्हणाले नाहीत, लाव असंही म्हणाले नाहीत. शेवटी त्याने दोन नव्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या, देवीच्या दोन्ही खांद्यांवर बोटाने दाबून बसवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. या खेपेला ते लहान होतं. ही सावित्री, आत्मारामाची बायको, लेकीला घेऊन परमुलखात जायचं म्हणते. तिनं जावं असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे.

तो थांबला. इथे घरच्या माणसाने होकार भरायचा असतो. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

सावित्री देवीकडे बघत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली नाही. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज वळणावर संपला.

"व्हय म्हाराजा," आत्माराम म्हणाले. ते पहिल्या खेपेइतकं मोठ्याने नव्हतं, पण सगळ्यांना ऐकू आलं.

अकरा पस्तीस झाले. मृणालीने फोन पालथा धरला होता. पाकळ्यांतलं पाणी सुकत आलं, कडा हलू लागल्या. उकाड्यामुळे दादूने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा पंखा लावला होता. तो सकाळपासून देवीच्या उजव्या अंगाकडून डावीकडे वारा टाकत होता. पहिल्या कौलालाही तो चालूच होता.

आत्मारामांनी पिशवी खाली ठेवली. ते पंख्याजवळ गेले, क्षणभर त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी बटण बंद केलं. पाती थांबेपर्यंत ते तिथेच होते.

अकरा बेचाळीसला दोन्ही पाकळ्या कडेने सुटल्या होत्या. पडली एकही नव्हती.