वर्षाची फी की विषयाची

वेंडेलने लॅपटॉप लोर्नाच्या पलंगाकडे वळवला. त्याच्या कॉलेजने फी भरायचे दोन मार्ग दिले होते. एकतर वर्षाची एकदम भरायची आणि त्या वर्षात कॉलेजला चालणाऱ्या बाहेरच्या परीक्षा धडाधड देऊन पदवी पदरात पाडून घ्यायची. नाहीतर एकेका विषयाची भरत सवडीने पाच-सहा वर्षं शिकत राहायचं.

“वर्षाची घेऊ,” तो म्हणाला. “परवडतेही तीच.”

“दिवसभर गॅरेजात स्कूल बसखाली लोळणार आणि संध्याकाळी पुस्तकात डोकं खुपसणार? एवढी कसली घाई, प्रोफेसर?” केमो सुरू झाल्यापासून लोर्नाला बोलताना दम लागायचा, पण नवऱ्याची टर उडवायची सवय काही सुटली नव्हती. “शनिवारी डेटनला जाऊन समाजशास्त्राचा पेपर दिलास, त्याचं काय झालं ते आधी सांग.”

“माहीत नाही.”

“म्हणजे? गुण तर तिथेच स्क्रीनवर दाखवतात ना?”

“त्याआधी विचारतात, गुण पाहायचे की पेपर रद्द करायचा. मी रद्द केला.”

“न बघताच?”

“नापास झालो असतो तर त्या विषयाला तीन महिने बसता येत नाही.”

“अरे बाबा, रद्द केलास तरी तीन महिने थांबावंच लागतं! तूच सांगितलं होतंस मला.”

“ठाऊक आहे गं. ऐन वेळी गुण बघायचा धीर झाला नाही. वाटलं, तीन महिने गेले तर...”

लोर्नाच्या आता लक्षात आलं. वर्षाच्या पुढचं डॉक्टर बोलायचंच टाळत होते, आणि या वेड्याला पदवीदानाच्या दिवशी ती समोर बसलेली हवी होती. तिला त्याची दया आली, रागही आला.

“वर्षभरात काय काय संपणार असं धरून चाललायस रे तू?”

वेंडेलने चष्मा काढून बाहीने डोळे पुसले.

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि विषयवार फीवर बोट दाबलं.

“एकेक करत जाऊ. माझंही तसंच चाललंय.” मग थोडा दम खाऊन ती म्हणाली, “तीन महिन्यांनी परत बसशील तेव्हा मी बाहेर गाडीत थांबते. या खेपेला रद्द केलास, तर पायी घरी यायचं.”