कुंचीची शिलाई

"टेप लांबली असेल," लेकीच्या डोक्याभोवतीची टेप सोडत ती म्हणाली. "जुन्या टेपवर माप कमीच येतं. बारा वर्षं ब्लाउज शिवतेय मी."

सहा महिन्यांच्या लेकीच्या मेंदूत जन्मापासून पाणी साठत होतं. ते पोटात उतरावं म्हणून डॉक्टरांनी नळी बसवली होती. "काही आठवडे डोकं वाढलं नाही, तर नळी काम करतेय असं समजा," ते म्हणाले होते. आज सलग तिसऱ्या रविवारी माप सत्तेचाळीस सेंटीमीटर आलं होतं.

नवरा चप्पल घालून नवी टेप घेऊन आला. सत्तेचाळीसच.

"आता तरी मान गं," भिंतीला टेकत तो म्हणाला.

दर पंधरवड्याला उसवून वाढवावी लागे, म्हणून लेकीची कुंची तिने कच्च्या टाक्यांवरच ठेवली होती. ती मशीनवर घेऊन तिने पक्की शिलाई मारली.