पाच वर्षांची गॅरंटी

"हा कुणीतरी नक्की आपटलाय," साहेब म्हणाले आणि त्यांनी तो लॅपटॉप मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांनी बाजूला सारला.

दुकानदाराने कपाटातून तिसरा काढून काउंटरवर ठेवला.

कारखान्यातून निवृत्त होऊन साहेबांना बरीच वर्षं झाली होती. पण तिथलं 'साहेब' घरापर्यंत येऊन चिकटलं ते चिकटलंच. बायको जाईपर्यंत तीही त्यांना साहेबच म्हणायची. सून मात्र बाबा म्हणे. आत्ता ती पर्स पोटाशी धरून शेजारी उभी होती. साहेबांच्या हिशेबी सून बिनडोक, मुलगा तिच्याहून बिनडोक आणि दुकान थाटून बसलेला प्रत्येक जण चोर. पण सकाळी तिनेच "तुम्ही चला ना बाबा, यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" म्हटलं, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून पाच मिनिटांत दारात उभे होते.

"रिफर्बिश्ड म्हणजे काय, माहीत तरी आहे का तुला?" त्यांनी सुनेला विचारलं. "मोठ्या कंपन्या वापरून वापरून चोथा करतात आणि फेकतात. हे लोक पुसूनबिसून मांडून ठेवतात. लोकांचं उष्टं!"

"तपासून घेतला तर चांगला निघतो म्हणतात, बाबा."

"तपासणार कोण? तू?"

सून खाली बघत हसली.

"आणि घेतेयस कुणासाठी?"

"घरातल्याच मोठ्या माणसासाठी. अक्षरं मोठी दिसायला हवीत. व्हिडिओ कॉल नीट लागायला हवा." ती दुकानदाराकडे वळली. "आणि सारखा बिघडायला नको. दुरुस्तीसाठी ने-आण करणं कुणाला जमणार नाही."

साहेबांनी मनात ताळा जमवला. विहीणबाई! दुसरं कोण? फोन उलटा धरून तासभर "ऐकू येतंय का?" ओरडणारी बाई. तिला म्हणे लॅपटॉप. माकडाच्या हाती कोलीत! पण परीक्षा वस्तूची होती आणि वस्तूच्या परीक्षेत साहेब हार जाणाऱ्यातले नव्हते.

"बाकी सगळं राहू दे. आतली एसएसडी दाखव, सगळं साठतं ती," त्यांनी फर्मावलं.

दुकानदाराने लॅपटॉप चालू करून स्क्रीनवर ड्राइव्हची तब्येत काढून दाखवली. बासष्ट टक्के.

"अरे, निम्मी स्मशानात पोचलीय ही!"

"साध्या कामाला भरपूर चालेल, साहेब."

"चालेल, चालेल! आणि एक दिवस अचानक गचकली की? जुनी हार्ड डिस्क निदान खरखर करून सांगायची, बाबांनो, मी चालले. ही मुकाट मरते. सगळं गिळून मरते. नवी बसव."

दुकानदाराने नवा, स्वस्तातला ड्राइव्ह पुढे केला. साहेबांनी खोक्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे कंपनीचं नाव आहे की खोकल्याच्या औषधाचं?"

मग नावाजलेल्या कंपनीचा आला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरची बारीक अक्षरं तपासली. किती डेटा लिहीपर्यंत टिकेल, गॅरंटी किती, बदलून कोण देणार. बऱ्याच वेळाने मान हलवली. "हा घे. पाच वर्षं बघायला नको."

"पाच वर्षं," सून म्हणाली. "पुरतील?"

"कुणाला? लॅपटॉपला की तुझ्या आईला?"

दुकानदाराने नजर दुसरीकडे वळवली. सुनेने पर्स उघडली. पैशांबरोबर तिने एक पेन ड्राइव्हही काढून दिला. "यातले फोटोही आत टाकून द्या."

ड्राइव्ह बसवून झाल्यावर फोटो स्क्रीनवर भराभर सरकले. साहेबांची बायको. तिच्या मांडीवर मुलगा. कारखान्याच्या गेटसमोर काळ्याभोर केसांचे साहेब.

"विहिणीला आमचे फोटो कशाला?"

"असू देत, बाबा."

गाडीत साहेबांनी खोकं मांडीवर घेतलं. दर खड्ड्याला ते दोन्ही हातांनी अलगद उचलून धरत होते.

"मी नसतो तर आज तुला टोपी घातली असती त्याने."

"हो, बाबा."

"सुट्टी असून आमचे चिरंजीव का नाही आले?"

"त्याला जमलं नाही."

"त्याला काय जमतं? शेपूट घालणं तेवढं जमतं. लहानपणापासून."

सून रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. घराकडचं वळण मागे पडलं तसे साहेब म्हणाले, "थेट द्यायलाच निघालीस वाटतं. चल. चालू करून मीच देतो. नाहीतर ती त्यावर पापड लाटेल."

शहर संपता संपता गाडी एका फाटकातून आत गेली. समोर दुमजली पिवळी इमारत. पायऱ्यांऐवजी उतार. व्हरांड्यात म्हातारी माणसं खुर्च्यांवर रांगेने बसलेली, काहींच्या गुडघ्यांवर शाली. एक नर्स ट्रेमधून गोळ्या वाटत होती. सगळ्यांनी माना वळवून गाडीकडे पाहिलं.

साहेबांचं तोंड वाकडं झालं. "अच्छा! म्हणजे आईला इथे आणून टाकलीस? शाब्बास! रक्ताची ना गं ती तुझी? जनावरसुद्धा असं करत नाही. आणि तोंड लपवायला वर हा लॅपटॉप!"

सुनेने गाडी बंद केली. वाकून त्यांचा पट्टा सोडवला आणि त्यांच्या मांडीवरचं खोकं आपल्या हातात घेतलं.

"आई माझ्या भावाकडे आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमची खोली तळमजल्यावर आहे. कपडे सकाळीच लावून आले मी."