किनाऱ्याच्या चपला

ताई सारखी धक्क्याजवळच्या एसटी थांब्याकडे बघत होती.

कालच्या वादळात आमची शिडाची होडी उलटायचीच राहिली. आज विजयदुर्गच्या बंदरात आराम होता, पण मला आराम कसला! ही मला अर्ध्या प्रवासात टाकून घरी पळणार, याची खात्रीच पटली होती. होडीवर आम्ही दोघी बहिणी अनवाणी वावरतो. चपला लागतात त्या किनाऱ्यावरच. ती डुलकी घेत असताना मी तिच्या चपला शिडाच्या घडीत दडवल्या.

उठल्यावर तिने आपल्या बाकाखाली शोधाशोध केली. "माझ्या चपला कुठे गं?"

"मला काय माहीत! कुठे निघालीस?"

"लिंबं आणायला. तू जातेस?"

मी माझ्या बाकाखाली हात घातला. माझ्याही नव्हत्या.

ताईने शांतपणे विचारलं, "काल एसटीची वेळ कोण विचारत होतं गं?"