अण्णांची रायफल

"पिशवीत काय आहे?" पोलिसाने मान लववून, अगदी नम्रपणे विचारलं.

स्टेशनाबाहेर माणसं शांतपणे घरी चालली होती. नेमकं उल्हासलाच थांबवलं होतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"रायफल," तो जपानीत म्हणाला आणि लगेच घाईने पुढे, "जुनी आहे. लष्करातली. चालत नाही."

पोलिसाचा चेहरा बदलला नाही, पण दुसरा पोलीस येऊन मागे उभा राहिला. चेन उघडली गेली. टॉर्च लावून दोघांनी नळीत पाहिलं. ती लोखंडाने बुजवलेली होती. खटकाही जाम केलेला. योकोहामाच्या दुकानाचा कागद उल्हासने तीनदा काढून दाखवला.

"कोणासाठी?"

"वडिलांसाठी. ते सैन्यात होते."

पोलिसाने स्वतःच्या हाताने चेन लावली आणि पुन्हा मान लववली. उल्हास सुटला.

आई गेल्यावर त्याने वडिलांना, अण्णांना, कराडहून इथे जपानात हिगाशी-कसाईला आणलं, त्याला वर्ष होत आलं होतं. अण्णांचं विस्मरण वाढत चाललं होतं. उन्हाळ्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, "माझी रायफल कुठाय?" कपाटं, पलंगाखालची जागा, इतकंच काय, प्लास्टिकच्या कचऱ्याची वेगळी ठेवलेली पिशवीसुद्धा ते उपसत. दोनदा तर ते घराबाहेर पडले. दुसऱ्यांदा सापडले ते नदीच्या बांधावर, थंडीत, पायात नुसत्या सपाता. तेव्हापासून त्याच्या बायकोने, नयनाने, दाराला वर एक जादा कडी बसवून घेतली होती.

"पुढच्या वेळी नाही सापडले तर?" ती विचारायची.

जुन्या ओळखीचं काहीतरी हातात द्या, मन रमेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं पलटणीत काढली आणि जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, त्याने ही एकच वस्तू मागितली होती. ती आणायचीच, असं उल्हासने मनाशी पक्कं केलं.

"मिळाली का, साहेब?" तो दारात दिसताच अण्णांनी विचारलं. हल्ली ते त्याला साहेबच म्हणत. मुलगा मोठ्या कंपनीत साहेब झाल्याचं कौतुक, दुसरं काय.

अण्णांनी ती थ्री नॉट थ्री रायफल हातात घेतली. दस्त्यावरून अंगठा फिरवला. बोल्ट ओढला. तो हलेना. त्यांच्या कपाळावर आठी आली. उल्हास पुढे सरकला. आता ही फेकून देतात की काय?

"गंजलीय," अण्णा म्हणाले. "तेल द्या जरा."

मग खोबरेल तेल आणि जुन्या बनियनची चिंदी घेऊन ते संध्याकाळभर रायफल पुसत बसले. दाराकडे एकदाही फिरकले नाहीत. कुणी न सांगता दोन पोळ्या जेवले. नयनाने डोळ्यांना पदर लावला.

"रमले गं," उल्हास तिला म्हणाला. "आता नाही जायचे कुठे."

"तरी कडी लावूच," नयना म्हणाली.

सकाळी तो उठून बाहेर आला, तर अण्णा दाढी करून, स्वेटरची सगळी बटणं लावून हॉलमध्ये ताठ उभे. त्यांनी रायफल दोन्ही हातांनी पुढे केली.

"साफ केलीय. जमा करून घ्या."

"ठेवा ना तुमच्यापाशी, अण्णा. तुमचीच आहे ती."

"छे! ती जमा केल्याशिवाय सुट्टीवर सोडतात होय?"

त्यांचं मन मोडायला नको म्हणून उल्हासने ती घेतली. अण्णांनी कडक सलाम ठोकला. त्यांचा चेहरा एकदम सैलावला आणि कित्येक महिन्यांनी ते हसले.

"आता दार उघडा. घरी पोरगा वाट बघत असेल. एव्हाना चालायला लागला असेल तो," अण्णा म्हणाले. "उल्हास नाव ठेवलंय त्याचं."