परत आलेल्यांच्या होड्या

"हे चर्च तीनशे वर्षांचं," बेटावरच्या चर्चचा राखणदार बस्त्याव शहरातून आलेल्या जोडप्याला सांगत होता. "भिंती शिंपल्यांच्या चुन्याच्या आणि वरचं आढं फुटलेल्या जहाजाच्या डोलकाठीचं."

त्या आढ्याला हातभर लांबीच्या लाकडी होड्या टांगल्या होत्या. वादळातून जो जिवंत परत यायचा, तो आपली होडी कोरून इथं मरियामायेपुढे टांगायचा.

"ही मी टांगलेली," बस्त्यावने वेदीजवळची होडी दाखवली. "पाच जण गेलो होतो. मायेनं मला एकट्याला आणलं."

पाहुणीने होडीवरचं नाव वाचलं. "कोतरीन कोण?"

"ती काय, झाडतेय ती. आम्ही गेलो ती होडी तिच्या नवऱ्याची. बायकोचं नाव दिलेलं त्याने."

"मग त्याच्या नावाने काही नाही?"

"तो परत कुठं आला?" बस्त्याव रंगात आला होता. "डिझेलचा एकच रिकामा कॅन तरंगत होता. त्याच्या हातातून मी ओढून घेतला म्हणून वाचलो. बुडालेल्यांचं इथं काही टांगत नाहीत, मायेला कमीपणा येतो." मग त्याने हाक मारली, "कोतरीन, जरा धूळ पूस गं होडीवरची. पाहुण्यांना फोटो पाहिजे."

कोतरीन केरसुणी ठेवून स्टुलावर चढली. अठरा वर्षं ती दर शनिवारी ही होडी पुसत आली होती. कॅनचं मात्र आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. पदर तिच्याच नावावर येऊन थांबला.

"मावशी, जरा बाजूला व्हा ना," खालून पाहुणी म्हणाली. "तुम्ही फोटोत येताय."