आधी कागदावर

माणिकबाईचं बोट चार्टपेपरवरून फिरत फिरत ‘परवाना’ या शब्दाशी थांबलं.

“याले परवाना लागते?” तिनं घाबरून विचारलं.

“नाही हो मावशी,” शाहीन हसली. “लागत नाही, हे सांगायलाच ते लिहिलं.”

“लागत नाही तं लिहिलं काहून?”

समोर भिंतीवर शाहीनची आठवड्याची मेहनत चिकटवलेली होती. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी मिळून शिवणकामाचं एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. मापं टाकली की ब्लाउज कसं बेतायचं, कुठे किती इंच, त्याची आकृती पडद्यावर दिसे. फुकट, आणि सगळ्यांसाठी खुलं; कोणीही घ्यावं, उसवावं, आपल्या सोयीनं पुन्हा शिवावं. त्याचं मराठी संकेतस्थळ शाहीन अकोल्यात बसून बनवत होती. चार्टवर त्याच्या पहिल्या पानाचा आराखडा होता, त्यात चार चौकटी होत्या: आमच्याविषयी, वैशिष्ट्ये, परवाना, आभार. आभारात सर्वांत वर तिच्या अब्बांचं, अब्दुल रहीम टेलर यांचं नाव होतं.

त्या पानावर येणाऱ्या माणसाला नेमकं काय हवं असतं, हे बघायला तिनं माणिकबाईला हिवरखेडहून बोलावलं होतं. तीन वर्षं कपाशीनं हात दिला नव्हता, म्हणून गावच्या बचत गटात शिलाई मशीन आल्या होत्या. मशीन आल्या, बेतायला शिकवणारं कोणी आलं नाही.

“समजा, तुमी पहिल्यांदाच इथं आल्या,” शाहीन म्हणाली. “आधी काय पाहाल?”

माणिकबाईनं चारही चौकटी दोनदा वाचल्या. मग पिशवीतून जरीच्या काठाचा हिरवा ब्लाउजपीस काढला, मापाचं ब्लाउज काढलं आणि एक वही काढली. गटाच्या कॉम्प्युटरवर याच सॉफ्टवेअरनं दाखवलेली आकृती तिनं वहीत अगदी नीट उतरवली होती.

“शकुनच्या पोरीच्या लग्नाचं आहे. परवा हळद. सहा दिवस झाले, घरात ठेवून आहे मी. कैची उचलली का हात थांबते. माही पयली शिलाई आहे बाई, अन् कापड दुसऱ्याचं.” तिनं चार्टकडे पाहिलं. “चुकलं तं काय करा, हे कुठी लिहेल आहे याच्यात?”

कुठंच नव्हतं. वैशिष्ट्यं मात्र तेवीस होती.

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले अब्दुल रहीम उठले. दोन वर्षांपासून त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून कैची खिळ्याला टांगलेली होती. त्यांनी ती काढून माणिकबाईच्या पुढ्यात ठेवली.

“नवं कापड मी कधी सरळ कापलंच नाही,” ते म्हणाले. “आधी कागद काप. मंग कापड. शाहीन, रद्दी आण.”

“कालच विकली, अब्बा.”

तिघांचीही नजर भिंतीवर गेली.

“नको, नको!” माणिकबाई म्हणाली. “त्याच्यावर लिहेल आहे.”

शाहीननंच चिकटपट्ट्या सोडवल्या आणि चार्ट जमिनीवर पसरला.

माणिकबाईनं वहीत पाहून रेघा मारल्या आणि कैची चालवली. वैशिष्ट्यांमधून गळ्याचा गोल निघाला. परवाना बाहीत गेला. पाठ कापून झाली.

“आता शिलाई जाईल तेवढी कड दुमड,” अब्दुल रहीम म्हणाले, “अन् मापाच्या ब्लाउजावर ठेवून पाय.”

तिनं ठेवून पाहिलं. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कमी. शिलाईत जाणारं कापड आकृतीत धरलेलंच नव्हतं. बनवणाऱ्यांना वाटलं होतं, एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं. अब्दुल रहीम यांना ते वहीतच दिसलं होतं, पण ते बोलले नव्हते.

“चुकलं!” माणिकबाई म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा मोकळी हसली. हिरवा ब्लाउजपीस तिच्या मांडीवर जसाच्या तसा होता. तिनं त्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. “चाचा, लाज राखली तुमी माही.”

“मी काय केलं? मले माह्या उस्तादानं शिकवलं. त्याले त्याच्या उस्तादानं शिकवलं असंन.”

अर्धा इंच वाढवून उरलेल्या चार्टवर नवी पाठ कापली. या खेपेस बरोबर बसली. आभाराची चौकट या पाठीवर आली होती, अब्बांच्या नावासकट. माणिकबाईनं कागदाचे तुकडे ब्लाउजपीसच्या घडीत जपून ठेवले आणि दुपारची एसटी गाठायला ती निघाली.

भिंतीवर आता काहीच नव्हतं. चार्टची एक पट्टी उरली होती. शाहीननं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘चुकेल अशी भीती वाटते? आधी कागदावर कापा.’ आणि ती भिंतीच्या मधोमध चिकटवली.

“याच्या खाली तुमचं नाव टाकते, अब्बा.”

“माहं कायले?” अब्दुल रहीम कैची पुन्हा खिळ्याला टांगत म्हणाले. “त्या बाईचं टाक. इचारलं तिनं.”